बिराजदारांचा गुरुवारचा वर्ग

ऑनलाइन शिक्षणाने भोसरीच्या लघुउद्योगात क्रांती घडवून आणली. हे वाक्य मी स्वतः आमच्या संघटनेच्या वार्षिक अहवालात लिहिलं आहे, त्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल मला इतरांपेक्षा थोडी जास्त माहिती आहे. आमच्या अहवालात क्रांती तशी दरवर्षी होते. आदल्या वर्षी ती संघटनेच्या आवारात पार्किंगचे पट्टे मारल्यामुळे झाली होती. ऑनलाइन शिक्षणाची क्रांती म्हणजे नेमकं काय, तर दीड वर्षात अकरा माणसांना मायक्रोमीटर नीट धरता येऊ लागला. आणि ही अकरा माणसंसुद्धा ज्या अकादमीच्या नावावर जमा झाली, तिच्यामुळे नव्हे, तर दापोडीतल्या एका म्हाताऱ्यामुळे तयार झाली.

त्यांचं नाव बिराजदार. मूळचे उदगीरकडचे. तरुणपणी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात लागले आणि तपासणी खात्यातच निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं काम मोजलं. ते गेले त्याला आता आठ महिने झाले. शोकसभेत अध्यक्षांनी त्यांना 'डिजिटल युगाचे द्रष्टे' म्हटलं. बिराजदारांचा मोबाइल त्यांच्या नातवाने वापरून टाकलेला होता.

मी या संघटनेचा पगारी सचिव. सभासद म्हणजे भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातले छोटे कारखानदार. दोन लेथ, एक ग्राइंडर, चार-सहा माणसं, बाहेर भाड्याचा टेम्पो. चाकणच्या मोठ्या कंपन्या हल्ली त्यांच्याकडून माल घेण्याआधी फाइल मागतात. कामगाराला काय शिकवलं, कधी शिकवलं, कागद दाखवा. हा कागद पुरवावा म्हणून आमचे अध्यक्ष गुलाबराव यांनी संघटनेची ऑनलाइन अकादमी काढली. गुलाबराव माणूस वाईट नाही. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट उद्घाटनापर्यंतच दिसते.

हिंजवडीच्या एका आयटी कंपनीने आम्हाला तयार अकादमी दिली. तिच्यात हजारभर अभ्यासक्रम आधीच भरलेले होते. उद्घाटनाला पडद्यावर समई होती आणि गुलाबरावांनी माउसचं बटण दाबलं की एकेक वात पेटत होती. तिसऱ्या वातीला नेट गेलं. अकादमीचं उद्घाटन तीन वातींवर झालं. आम्हाला ती चालवायला शिकवणार असलेला मुलगा हिंजवडीहून निघाला होता, तो ट्रॅफिकमधून सुटून पोचला तेव्हा लोक जेवून गेले होते.

अभ्यासक्रमाचा व्हिडिओ संपला की सर्टिफिकेट आपोआप तयार होत असे. गुलाबरावांनी एका दुपारी अशी चार मिळवली. त्यातलं एक 'एकाग्रता' या विषयाचं होतं. त्या वेळी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता आणि गुलाबराव बाहेर झोपाळ्यावर होते, हे त्यांनी स्वतःच मला कौतुकाने सांगितलं.

बिराजदार आमच्याकडे आले ते नोटीस बोर्डवरची अभ्यासक्रमांची यादी वाचून. पांढरा सदरा, बारीक शरीर, हातात कापडी पिशवी. त्यांनी यादी उभ्याने पूर्ण वाचली. हजार नावं वाचायला त्यांना दीड तास लागला. मग ते माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, ह्यात मोजायचं कुठं शिकवलालेत?"

मी कॉम्प्युटरवर शोधलं. 'यशाचं मोजमाप' नावाचा एक अभ्यासक्रम सापडला.

"ते नको," बिराजदार म्हणाले. "बुश, पिन, शाफ्ट. असलं मोजायचं."

तसलं काही नव्हतं. बिराजदारांना आश्चर्य वाटलं नाही. "मग मी शिकवू का?" त्यांनी विचारलं. "गुरुवारी. गुरुवारी सगळ्यांना सुट्टी असती."

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी गुरुवारची असते, ही गोष्ट अकादमी देणाऱ्या कंपनीला शेवटपर्यंत पटली नाही. त्यांचे सगळे थेट वर्ग रविवारी असत आणि त्यांना कुणी येत नसे.

बिराजदारांच्या दोन अटी होत्या. एक, वर्गात कुणी तोंड दाखवायचं नाही. फोन वरून खाली बघणारा लावायचा आणि फक्त हात दिसले पाहिजेत. "तोंडाकडं बघून काय कळतंय? तोंड हो म्हणतंय," ते म्हणाले. दुसरी अट सर्टिफिकेटची. "कागद मी देणार. मशीन नाही." पहिली अट गुलाबरावांना चमत्कारिक वाटली. दुसरी मात्र धोकादायक वाटली, कारण अहवालात सर्टिफिकेटांचा आकडा छापायचा असतो. पण शिकवायला दुसरं कुणी फुकट तयार नव्हतं.

बिराजदारांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक पेटी मागितली. पेटीत एक मायक्रोमीटर आणि पाच पिना. मायक्रोमीटर म्हणजे घोड्याच्या नालासारखं दिसणारं, मुठीत मावणारं मापाचं हत्यार. त्याच्या टोकाची रॅचेट नावाची फिरकी फिरवून दोन तोंडांमध्ये वस्तू धरली की केसाच्या जाडीचे पन्नास भाग केले तर त्यातल्या एकाचाही, म्हणजे एका मायक्रॉनचाही, हिशेब लागतो. वर्कशॉपमध्ये त्याला नुसतं मायक्रो म्हणतात. प्रत्येक पेटीतल्या पिना बिराजदारांनी आधी स्वतः मोजल्या आणि मापं एका खिशातल्या वहीत लिहून ठेवली. वही कुणाला दाखवली नाही. पेट्या पोचवायचं काम माझ्याकडे आलं. अभ्यासक्रम ऑनलाइन होता, पण त्यासाठी मी दोन आठवडे स्कूटरवर चाकणपर्यंत फिरलो.

वर्ग गुरुवारी अकराला सुरू व्हायचा. पडद्यावर वीस चौकोन आणि प्रत्येकात दोन हात. पहिल्याच दिवशी बिराजदारांनी सगळ्यांना पेटी उघडायला लावली आणि पिना व मायक्रो टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितलं. "आता हात मागं घ्या. वीस मिनिटं थांबायचं. दोघांचं अंग सारखं गार होऊ द्या. गरम लोखंड खोटं माप देतंय." आणि खरोखरच वीस मिनिटं पडद्यावर काही झालं नाही. गुलाबराव त्या दिवशी वर्ग बघायला आले होते. त्यांना वाटलं, नेट अडकलं. ते तीनदा बाहेर पडून परत आले आणि शेवटी हिंजवडीला तक्रार केली.

बिराजदार दापोडीत रेल्वेला लागून असलेल्या चाळीत राहत. लोकल गेली की त्यांचं टेबल थरथरायचं. तिची चाहूल लागली की ते अर्ध्या वाक्यात थांबायचे आणि म्हणायचे, "गाडी जाऊ द्या." मग चाकणपासून भोसरीपर्यंत वीस माणसं हातातलं काम थांबवून दापोडीची गाडी जायची वाट बघायची. त्यांची टेबलं हलत नव्हती. पण कुणी हात हलवत नसे. महिन्याभरात काही जणांना लोणावळा लोकलचं वेळापत्रक पाठ झालं.

माणसाला ते हातावरून ओळखायचे. एकदा संघटनेच्या हळदीकुंकवाला आणि सभेला मिळून बरेच लोक जमले होते. तळवड्याचा एक वर्कशॉपवाला बिराजदारांसमोर येऊन "नमस्कार मास्तर, मी तुमच्या वर्गात आहे" म्हणाला. बिराजदारांनी त्याच्या चेहऱ्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं, मग खाली त्याच्या हातातल्या नाश्त्याच्या बशीकडे पाहिलं.

"अरे, आंगठ्याचं नख काळं पडलेला तो! रॅचेट फिरवताना तुमचं मनगट वळलालंय. बशी तशीच धरलाव बघा."

वर्कशॉपवाल्याने बशी दुसऱ्या हातात घेतली.

कौतुकाला त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'चालंल'. 'बरोबर' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. बरोबर असं काही नसतं, चुकीची मर्यादा तेवढी ठरलेली असते, असं त्यांचं म्हणणं. लग्नपत्रिका आली तरी ते आधी तिची जाडी मोजायचे. संघटनेने सर्टिफिकेटांसाठी जाड कागद मागवला तेव्हा छापखान्याने पातळ कागद पाठवला. हे बिराजदारांनी दोन बोटांत धरूनच सांगितलं आणि नंतर मोजून सिद्ध केलं. छापखानेवाला म्हणाला, "काका, कागदात एवढं कोण बघतं?" बिराजदार म्हणाले, "जे बघत नाहीत त्यांनाच पाठवा की मग." कागद बदलून आला. सर्टिफिकेट मात्र सहा महिन्यांत चारच दिली गेली आणि जाड कागदाचा गठ्ठा माझ्या कपाटात पडून राहिला.

याच वर्गात शैलाताई होत्या.

शैलाताई आणि त्यांचे यजमान पोपटराव यांचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं. तीन मशिनं, पाच माणसं. चाकणच्या एका कंपनीसाठी ते बुश करत. बुश म्हणजे आखूड, पोकळ नळीसारखा तुकडा. तो दुसऱ्या भागात घट्ट बसावा लागतो, म्हणून त्याच्या बाहेरच्या मापाला फार किंमत. पोपटराव इथल्याच जुन्या गावातले, अव्वल टर्नर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात निकामी झाला. तेव्हापासून ते दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नजर ठेवत आणि मोजायचं काम शैलाताई करत. अलीकडे त्यांचे दोन लॉट चाकणहून परत आले होते. बुश बारीक भरले होते. कंपनीने पत्र पाठवलं की तिसरा लॉट परत आला तर काम बंद. शिवाय महिन्याभरात तपासणीला माणूस येईल, तेव्हा मोजणाऱ्या व्यक्तीचं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट तयार हवं. वर्कशॉपला दुसरं काम नव्हतं. म्हणजे या बुशांवर ती पाच माणसं आणि ते दोघं उभे होते.

शैलाताईंचे हात वर्गात सगळ्यांना माहीत झाले. हिरव्या बांगड्या आणि अंगठ्याजवळ चुलीचा की कढईचा जुना डाग. हात अतिशय स्थिर. मायक्रो त्या अंड्यासारखा धरायच्या. सातव्या गुरुवारी बिराजदारांनी त्यांची परीक्षा घेतली. पाच पिना, प्रत्येक दोनदा. दहाच्या दहा मापं वहीशी जुळली. बिराजदार म्हणाले, "चालंल." मी लगेच सर्टिफिकेट छापून ठेवलं. सहीला गेलो तर त्यांनी ते बाजूला सारलं.

"थांबा जरा. हात एवढा चांगला हाय, तर लॉट कामून परत आलाय?"

गुलाबरावांना हे कळलं तेव्हा ते चिडले. संघटनेचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि महिला उद्योजक व्यासपीठावर हवी होती. त्यांनी माझ्यासमोरच बिराजदारांना फोन लावला. "अहो मास्तर, दहापैकी दहा म्हणजे आता आणखी काय पाहिजे तुम्हाला? फोटो पेपरला द्यायचाय."

"फोटोला माझी ना नाही," बिराजदार म्हणाले. "कागद नाही."

मग शैलाताई स्वतः संघटनेत आल्या. बिराजदार तिथेच होते. शैलाताई उभ्या उभ्या बोलल्या.

"मास्तर, आमच्या ह्यांनी मला बोलून बोलून नको केलंय. म्हणत्यात, सात गुरवार मोबाइलसमोर बसलीस आन कागद बी न्हाई आणलास. तुमीच सांगा, माझं काय चुकलं?"

"पिना चुकल्या नाहीत ताई. बुश चुकलालेत."

"तपासणी नऊ दिवसांवर आली. कागद नसला तर शटर वढायचं का आमी?"

बिराजदार म्हणाले, "उद्या सकाळी शटर उघडल्यापासून फोन चालू ठेवा. भिंतीला टेकवून ठेवा आणि विसरून जावा. मला काही दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी ते आठलाच आमच्या ऑफिसात आले. त्यांच्या फोनात बारीक दिसतं म्हणाले. सभागृहात अकादमीसाठी घेतलेला मोठा टीव्ही होता. त्याचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा मी त्या दिवशी पहिल्यांदा काढला.

पडद्यावर शैलाताईंचं वर्कशॉप तिरपं दिसत होतं. शटर वर गेलं. झाडलोट झाली. उदबत्ती लागली. तिन्ही मशिनांना कुंकवाचं बोट लागलं. मग शैलाताईंनी देवाच्या फळीवरून एक मखमलीची डबी काढली. डबीत पोपटरावांचा मायक्रो होता. त्यांनी तो पूर्ण उघडला, आधी हळद, मग अनामिकेने कुंकू, आणि दोन्ही तोंडांना आतून लावलं. जिथून हत्यार काम करतं तिथेच लावायला हवं, हे बरोबरच होतं. मायक्रो कपाळाला लावून त्यांनी पोपटरावांकडे दिला. पोपटरावांनी डाव्या हाताने तो कपाळाला लावला. शैलाताईंनी बाहेरून फडक्याने पुसला आणि ग्राइंडरवरून आलेला पहिला बुश त्यात धरला.

आमची पेटी कपाटावर होती, वर वर्गाची वही आणि वहीवर पेन. मी फोनवर त्याबद्दल विचारलं तेव्हा शैलाताई सहज म्हणाल्या, "ती अभ्यासाची हाय ना साहेब. खराब झाली तर? गुरवारपुरतीच काढते."

पेटी उघडली की वर्गात ज्या बाई आधी तोंडं पुसायच्या, रिकामा मायक्रो बंद करून शून्य तपासायच्या, वीस मिनिटं थांबायच्या, त्या वर्कशॉपमध्ये यातलं काहीच करत नव्हत्या. शिकलेलं सगळं त्यांनी पेटीत नीट घडी घालून ठेवलं होतं. अशी घडी मी अनेक पदवीधरांकडे पाहिली आहे, पण इतकी स्वच्छ पाहिली नाही.

बिराजदार टीव्हीसमोरून उठले. मग म्हणाले, "चहा घेऊ आणि जाऊ तिकडं."

आम्ही पोचलो तेव्हा पोपटराव दारातच होते. "या मास्तर," ते म्हणाले. "मोबाइलात मावला न्हाईत म्हून चालत आलात व्हय?"

"तुमचा मायक्रो बघायला आलो," बिराजदार म्हणाले.

पोपटरावांचा चेहरा उजळला. "बघा की. बावीस वर्सं झाली. कंपनी सोडून सोताचं शटर लावलं तवा घेतला. एकदा बी सेट कराया लागला न्हाई. खोटं न्हाई बोलायचा."

बिराजदारांनी मायक्रो हातात घेतला, पण बंद करून पाहिला नाही. कपाटावरच्या पेटीतली एक पिन काढून त्याच्याशेजारी टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसले. पोपटरावांनी दोन-तीनदा काय चाललंय म्हणून विचारलं. "गार होऊ द्या," एवढंच उत्तर मिळालं. शेवटी पोपटराव वैतागले. "आवो, लोखंड हाय का भात हाय?"

वीस मिनिटांनी बिराजदार म्हणाले, "ताई, मोजा."

ती पिन शैलाताईंच्या ओळखीची होती. गुरुवारच्या पेटीतलीच, तिचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी पोपटरावांचा मायक्रो लावला, रॅचेट फिरवला, वाचला. पुन्हा लावला, पुन्हा वाचला. मग त्या नवऱ्याकडे बघू लागल्या.

"जाड दावतंय," त्या म्हणाल्या. "आठरा मायक्रॉन."

"पिन चुकली आसंल," पोपटराव म्हणाले.

"आसंल," बिराजदार म्हणाले. "पेटीतला आणा."

पेटीतल्या मायक्रोने पिन जशी असायला हवी तशीच दाखवली. बिराजदारांनी वहीचं एक कोरं पान फाडलं, पोपटरावांच्या मायक्रोच्या तोंडांत हलकेच धरलं आणि ओढून काढलं. पानावर तेलकट लाल पट्टा उठला. तोंडावर कुंकवाचा थर बसला होता, त्यामुळे प्रत्येक बुश तेवढा जाड दिसायचा. जाड दिसला की शैलाताई ग्राइंडरवर आणखी घासायला लावायच्या. बुश बारीक व्हायचा तो असा.

मग पोपटराव म्हणाले, "शून्य बघायचं न्हाई का तू? येवढं मोबाइलात शिकलीस..."

"तुमचा मायक्रो," शैलाताई म्हणाल्या. "तुमच्या म्होरं त्याचं शून्य कसं बघू? तुमाला काय वाटलं आसतं?"

"इचारायचं मला."

"इचारलं आसतं तर तुमी म्हणला आसता, खोटं न्हाई बोलायचा."

निकामी हात पोपटरावांनी दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. बिराजदारांनी दोन्ही तोंडं पुसून मायक्रो बंद केला. शून्य जागेवर आलं. तो त्यांनी शैलाताईंकडे न देता पोपटरावांच्या हातात दिला.

"मायक्रो चांगलाय. अजून वीस वर्षं जाईल. कुंकू फक्त वरल्या कमानीला लावा. देवाला चालतंय ते."

"तुमाला काय ठावं देवाला चालतंय ते?" पोपटराव म्हणाले. पण डबी त्यांनी मिटली.

खरी अडचण पुढे होती. चाकणला जायचा तिसरा लॉट तयार होऊन खोक्यांत भरलेला होता आणि तो याच मायक्रोवर मोजलेला होता. शैलाताईंनी खोकी उघडली. पेटीतला मायक्रो घेतला आणि एकेक बुश मोजायला बसल्या. पोपटराव म्हणाले, "आगं, टेम्पो चारला यील." शैलाताईंनी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त बुश टाकाऊ म्हणून बाजूला निघाले. चांगले होते ते दोन खोक्यांत मावले.

"धाड तसाच," पोपटराव म्हणाले. "सगळेच काय ते मोजत न्हाईत. आठ दिवसांत तपासणी आली, आता माल कमी धाडला तर त्या दिवशी आपली पाटीच काढत्याल."

"आन तसाच धाडला आन तिसऱ्यांदा म्हागारी आला तर?" शैलाताईंनी विचारलं.

दोघंही बिराजदारांकडे बघू लागले. बिराजदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. त्यांचा हा स्वभाव होता. मोजून द्यायचे, पुढचं ज्याचं त्याने ठरवायचं.

शैलाताईंनी चाकणला फोन लावला. स्पीकरवर लावला, कारण हात तेलाचे होते. त्यांनी सांगितलं की माल ठरल्यापेक्षा कमी येईल, बाकीचा आठवड्याने येईल, कारण त्यांनी स्वतःच तो नापास केला आहे. पलीकडच्या माणसाने विचारलं,

"मॅडम, तुम्ही नापास केला की आम्ही?"

"आम्हीच."

"आम्ही रिजेक्ट केला तर त्याला फॉर्म आहे. तुम्ही केला त्याला काय लिहू मी?"

"ते मला काय म्हाईत, साहेब?"

"बरं. विचारून सांगतो," म्हणून त्याने फोन ठेवला. काम राहील की जाईल, याबद्दल तो काही बोलला नाही.

बाहेर पडताना बिराजदार मला म्हणाले, "तो कागद उद्या आणा. सही करतो."

मी म्हटलं, "आज काय वेगळं झालं? माप तर त्यांना आधीच घेता येत होतं."

"माप घेता येणारे पुष्कळ हाईत," ते म्हणाले आणि बस आली म्हणून पळाले. सत्तर ओलांडली होती, पण बस दिसली की ते पळत.

वर्धापनदिनाला व्यासपीठावर सर्टिफिकेट द्यायचं, असं गुलाबरावांनी ठरवलं होतं. बिराजदारांनी ते आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून शैलाताईंना नेऊन दिलं होतं. कार्यक्रमात मग कोरा कागद गुंडाळून देण्यात आला. फोटोत फरक कळत नाही.

बिराजदारांना मी शेवटचं पाहिलं ते तपासणीच्या दिवशी. त्यानंतर ते मुलीकडे उदगीरला गेले आणि परत आले नाहीत.

बाकीचा माल आदल्याच दिवशी चाकणला पोचला होता. तो पास झाला की नाही, ते तपासणीला येणाऱ्या माणसाकडूनच कळायचं होतं. संघटनेचा प्रतिनिधी म्हणून मी गेलो. बिराजदार कुणी बोलावलं नसताना आले होते. त्यांनी टेबलावर फडकं अंथरून पाच पिना ओळीत ठेवल्या होत्या आणि हात धुऊन पोपटरावांशेजारी स्टुलावर बसले होते. पोपटरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. शैलाताई उभ्याच होत्या. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं, असं पोपटरावांनी मला हळूच सांगितलं.

तपासणीस तरुण होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्याला अजून तीन वर्कशॉप करायची होती. त्याने फाइल मागितली. सर्टिफिकेट पाहिलं.

"कोर्स ऑनलाइन केला का?"

"व्हय."

त्याने टॅबवर एक खूण केली. मायक्रोमीटरकडे पाहिलं नाही. पिनांकडे पाहिलं, पण त्या कशासाठी आहेत ते विचारलं नाही. बुश कुणी मोजून दाखवावा असंही म्हणाला नाही. एकदा आत फिरून आला, चहा घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे मॅडम. लॉट ओके आहे. काम चालू राहील. एकच पॉइंट आहे. आग विझवायच्या बादलीत वाळू कमी आहे. आजच भरा आणि फोटो पाठवा."

शैलाताई पहिल्यांदा खाली बसल्या. पोपटरावांनी डाव्या हाताने तपासणिसाला नमस्कार केला.

बिराजदार मात्र उठले. "किती कमी हाय?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"वाळू. किती पाहिजे आणि किती हाय?"

"काका, थोडी कमी वाटली," तपासणीस म्हणाला आणि गाडीत बसला.

बिराजदार बादलीपाशी गेले. आत वाकून पाहिलं. समोर एका इमारतीचं काम चाललं होतं. तिथल्या माणसाला विचारून त्यांनी दोन घमेली वाळू आणली. पोपटराव खुर्चीतून ओरडत होते, "मास्तर, ठिवा ते! आवो, माणसं हाईत आमची!" पण बिराजदारांनी ऐकलं नाही. बादली काठोकाठ भरली. मग टेबलावरची स्टीलची पट्टी घेऊन काठावरून फिरवली आणि वाळू सपाट केली. वाकून, एक डोळा मिटून पाहिलं. एका बाजूला किंचित उंच होती, तिथे पुन्हा पट्टी फिरवली. हात झटकले, पिना मोजून पिशवीत टाकल्या आणि दापोडीच्या बसला गेले.

शैलाताईंनी बादलीचा फोटो काढून चाकणला पाठवला. पंधरा मिनिटांत उत्तर आलं: फोटो उभा आहे, आडवा काढून पुन्हा पाठवावा.